अंबुजाक्काच्या बरणीतलं मीठ

“अंबुजा नर्सच्या घरी चिनी मातीची एक बरणी आहे, तीत मंतरलेलं मीठ असतं. ते एकदा पोटात गेलं की माणूस जन्मभर तिच्या शब्दाबाहेर जात नाही.”

१९९४ च्या मे महिन्यात तंजावूरला, मेल वीथीच्या मागच्या आमच्या गल्लीत, ही बातमी पहिल्यांदा कानाला लागली. पापनाशमला पोचेपर्यंत त्या मिठात लिंबू पडलं. कुंभकोणला पोचेपर्यंत मिरच्या पडल्या आणि वर अमावास्याही. आणखी चार स्टेशनं पुढं गेली असती तर लोणचंच मुरलं असतं.

पुरावे शोधणाऱ्याला पुरावे मिळतातच. तिचा नवरा वादिराज वीजमंडळात होता आणि घरात ब्र काढत नसे. “मीठ!” असं गल्ली डोळे मोठे करून म्हणे. वास्तविक वादिराज लग्नाआधीही बोलत नसे. मुंजीत गायत्रीसुद्धा त्यानं भटजींनी तीनदा डोळे वटारल्यावर म्हटली, हे मी समोर बसून पाहिलंय. पण मीही तेव्हा ते कोणाला सांगितलं नाही. चांगल्या रंगलेल्या गप्पेत खडा टाकणारा मी कोण?

आता ही अंबुजा कोण ते सांगतो. आम्ही इथले मराठी. राजांबरोबर तीनशे वर्षांपूर्वी आलो आणि परत जायचं विसरलो. घरात मराठी बोलतो, बाजारात तमिळ, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. देवनागरी वाचणारे गल्लीत आम्ही दोघेच, म्हणून मी लिहितो ते शुद्धच असतं. चुका काढायला दुसरा वाचणारा आहे तो माझा मेहुणा, आणि त्याच्याशी माझं बोलणं नाही. अंबुजा आमच्या समोरच्या घरात सून म्हणून आली. सारी आळी तिला अक्का म्हणते, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला मीसुद्धा.

तिरुच्चीला नर्सिंग शिकलेली, दोन मुलांची आई, एकतिसाव्या वर्षी उठली आणि मुलं सासूपाशी ठेवून वर्षभर बंगळूरला गेली. कशाला? तर मनाच्या आजारांचं नर्सिंग शिकायला. गल्लीनं त्या वर्षात तिचे तीन घटस्फोट करून टाकले. ती परत आली ती एक ट्रंक पुस्तकं घेऊन, आणि वल्लम रस्त्यावर डॉक्टर नटराज यांचं वीस खाटांचं मनोरुग्णांचं नर्सिंग होम होतं तिथं लागली. गल्ली त्याला ‘वेड्यांचं घर’ म्हणे. अक्का त्याला ‘आमचं’ म्हणे. “आमच्याकडे आज जेवायला अवियल होतं.” “आमच्याकडे काल एकजण फार छान गायला.”

तिथं एक रीत होती. पेशंट गोळी गिळल्याचं सोंग करतो आणि गालात धरून ठेवतो, मग मोरीत थुंकतो. म्हणून नर्सनं गोळी देऊन निघून जायचं नाही. समोर उभं राहून म्हणायचं, “आ कर. जीभ वर. डावा गाल. उजवा गाल. शाबास.” पंधरा वर्षं दिवसातून तीनदा हे म्हटल्यावर माणसाच्या तोंडी ते बसणारच. ती घरच्या मुलांना म्हणे, दुधावरची साय थुंकणाऱ्या पाहुण्याला म्हणे, आणि एकदा माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीच्या वेळी ओट्यावरून चालता चालता मलाही म्हणाली. आश्चर्य असं की मी जीभ वर केली. गोळी खरंच डाव्या गालात होती.

“काका, मोरीचं प्रेशर उतरलंय, तुमचं नाही,” ती म्हणाली आणि गेली.

आणखी एक पुरावा. मंगळवारच्या बाजारात कोणाची तरी अठरा वर्षांची पोर एकाएकी मान वाकडी करून, डोळे वर फिरवून उभी राहिली. लोक म्हणाले अंगात आलं. कोणी कापूर आणला, कोणी कडुलिंब. अक्का भाजीची पिशवी घेऊन गर्दीत शिरली, पोरीच्या आईला एकच प्रश्न विचारला, “काल-परवा हिला कुठल्या इस्पितळात इंजेक्शन दिलंय का?” दिलं होतं. डोकं शांत करायच्या काही औषधांनी मानेचे स्नायू असे आखडतात, बंगळूरच्या ट्रंकेतल्या दुसऱ्याच पुस्तकात आहे. तिनं पोरीला ऑटोत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी उलटं इंजेक्शन दिलं आणि वीस मिनिटांत मान सरळ झाली. बाजारात जे उभे होते त्यांनी मात्र एवढंच पाहिलं, की अक्का पोरीच्या कानाशी वाकून काही बोलली आणि पोर सरळ होऊन परत आली. नवं औषध लिहून घेतल्याची चिठ्ठी कोण बघतो?

आणि कायदा! नर्सला कायदा कशाला लागतो असं मला वाटे. एका शनिवारी दुपारी हवालदार एका भटक्या माणसाला घेऊन नर्सिंग होमच्या दारात आला. स्टेशनवर स्वतःशी बोलत फिरत होता, म्हणून आणला. “ठेवून घ्या, अम्मा.”

अक्कानं त्या माणसाला आधी पाणी दिलं, मग इडली दिली, आणि मग हवालदाराला दिला तो धडा. “भटकणाऱ्याला आणायचा तुम्हाला हक्क आहे. पण चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायला हवं. त्यांनी हुकूम दिला तर आम्ही ठेवून घेऊ.”

“उद्या रविवार, अम्मा!”

“मॅजिस्ट्रेट रविवारी घरी असतात. बरंच आहे, शोधावे लागणार नाहीत.”

“मग तोवर इथंच...”

“हवालदार, हा माणूस आहे, पार्सल नाही. पोचपावती घेऊन मोकळं होता येत नाही.”

हवालदार घेऊन गेला, रविवारी मॅजिस्ट्रेटच्या घरी उभा राहिला, सोमवारी हुकूम घेऊन आला. आणि येताना त्या माणसासाठी स्वतःच्या पदरची केळ्यांची फणी. असा तिचा हिसका.

स्वतःच्या सहीनं दाखल झालेल्या पेशंटचा नियम तर तिला देवाच्या नावासारखा पाठ. तो “घरी जातो” म्हणून लिहून देईल तर चोवीस तासांत सोडायचं; डॉक्टरला धोका वाटला तर त्यानं आणखी दोन डॉक्टरांचं मत घ्यावं, पण कागद उशीखाली दडपायचा नाही. एका रिटायर्ड पोस्टमास्तरनं अर्ज दिला: ‘इथलं सांबार पातळ आहे, सबब घरी जाऊ द्यावं.’ सगळे हसले. अक्कानं गंभीरपणे अर्जावर वेळ टाकली, दहा वाजून वीस मिनिटं. डॉक्टरांनी पोस्टमास्तरला तपासलं, माणूस ठीक झालेला होता. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो फाटकाबाहेर. सांबार त्या दिवसापासून घट्ट झालं.

आता मिठाकडे येतो.

अक्काच्या शेजारचं घर वत्सलाबाईंचं. नवरा लवकर गेलेला, मुलगा एकच, सुरेंद्र. पापनाशमच्या शाळेत गणिताचा मास्तर. हुशार, देखणा, आणि बोलायला लागला की समोरच्याला आपणही हुशार आहोत असं वाटायला लावणारा. ब्याण्णव साली काय झालं, तर हा पापनाशमला खोली घेऊन राहत होता, तेव्हा झोपच बंद झाली. दोन-दोन तास झोपून वाऱ्यासारखा फिरे. केबल टीव्ही नुकता आला होता ना, त्यानं ठरवलं की तंजावूरपासून पापनाशमपर्यंतच्या प्रत्येक खेड्यात आपण केबल न्यायची, आणि त्यातून गणित शिकवायचं. ठरवून थांबला असता तर लोकांनी नगरसेवक केला असता. पण यानं स्वतः पहार घेऊन रस्त्याकडेला खड्डे खणायला सुरुवात केली. सव्वीस खड्डे! सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, गणिताचाच मास्तर.

अक्का आणि डॉक्टर नटराज यांनी त्याला समजावून दाखल करून घेतलं. सात आठवड्यांनी तो चांगला होऊन घरी आला, पुढं शाळेतही रुजू झाला. गल्लीत वत्सलाबाईंनी सांगितलं, कावीळ झाली होती. गल्लीनं मान डोलावली. मला खरं माहीत होतं, कारण माझा साडू पापनाशमला राहतो आणि एका खड्ड्यात त्याची सायकल पडली होती. (हे सगळं आज मी लिहितोय ते सुरेंद्रच्या परवानगीनं. तो स्वतःच आता लग्नामुंजीत सांगत सुटतो. खड्डे मी बावीस लिहिले होते, सव्वीस त्यानं दुरुस्त केले.)

त्याला लिथियमच्या गोळ्या सुरू होत्या. ह्या गोळ्यांनी मनाचा वारू फार वर उधळत नाही आणि फार खाली बसतही नाही. पण औषध मोठं तोलाचं. रक्तात थोडं कमी तर उपयोग नाही, थोडं जास्त तर विष. म्हणून ठरावीक दिवसांनी सकाळची गोळी घेण्याआधी रक्त तपासायला द्यायचं. आणि पाणी भरपूर, आणि मीठ रोजच्यासारखं. वाढवायचं नाही, कमी तर मुळीच करायचं नाही. अंगातलं मीठ कमी झालं की मूत्रपिंड मिठाऐवजी लिथियमच धरून ठेवतं, रक्तात साठवतं. अक्कानं हे वत्सलाबाईंना एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. “हात बारीक थरथरला तर चालेल. पण कॉफी सांडायला लागली, पाय अडखळले, पोट बिघडलं, तर गोळी थांबवून मला हाक मार.” वत्सलाबाई प्रत्येक वेळी “आमा, आमा” म्हणाल्या. आमा म्हणजे हो. आमच्याकडे आमा म्हणणाऱ्यानं ऐकलंच असेल असं नाही.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलात सुरेंद्रचं लग्न ठरलं. ओरत्तनाडूची नंदिता, तालुका कचेरीत नोकरीला, बोलायला मिरचीसारखी. आजाराचं तिला सांगावं असं अक्का म्हणत होती. सुरेंद्रही म्हणत होता. वत्सलाबाईंचे थोरले भाऊ रंगराव मात्र म्हणाले, “आधी अक्षता पडू द्या.” रंगरावमामा म्हणजे कोर्टातून रिटायर झालेला बेंच क्लार्क. तीस वर्षं मॅजिस्ट्रेटच्या पायाशी बसल्यामुळे मॅजिस्ट्रेट आपल्याच सल्ल्यानं चालत होते अशी त्यांची समजूत.

इथपर्यंत ठीक. मे महिना आला, कत्तिरीचे, म्हणजे ऐन उन्हाच्या कहराचे दिवस. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, कुत्रीसुद्धा ओट्याखालून बाहेर येत नाहीत. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की सुरेंद्र समोरून जाताना जरा झोकांड्या देतो. मला वाटलं, लग्नाआधी पोरगा प्यायला लागला. मी ही बातमी कोपऱ्यावरच्या कॉफी क्लबात, आमच्या गप्पांच्या अड्ड्यावर, नेणार होतो, पण ऊन फार होतं.

आणि मग तो शुक्रवार. दुपारी अडीच वाजता वत्सलाबाईंच्या दारात ऑटो उभी राहिली. रंगरावमामा ओट्यावर, हातात टाइप केलेला कागद, खांद्यावर घडी केलेलं जुनं धोतर. आत वत्सलाबाईंचं रडणं. मी माझ्या ओट्यावर पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून बसलो होतो. तेवढ्यात अक्का सकाळची पाळी संपवून मोपेडवर आली. ऑटो पाहिली, धोतर पाहिलं आणि मोपेड मध्येच सोडून उतरली.

“मामा, धोतर कशाला?”

“हात बांधायला. सुरेंद्रचं पुन्हा सुरू झालं,” मामा खालच्या आवाजात म्हणाले, म्हणजे मला ऐकू येईल एवढ्या. “बोबडं बोलतोय, हात उडतायत, सकाळी कॉफीचा पेला भिंतीवर. रविवारी मुलीकडचे येतायत. तुझ्याच डॉक्टरकडे नेतोय. लुनसी ॲक्टाखाली, वेड्यांच्या कायद्याखाली, अर्ज तयार आहे. नव्वद दिवस राहू दे आत, त्यांना सांगू ट्रेनिंगला गेला.”

“मामा, तो कायदा १९१२ चा. गेल्या वर्षीच नवा लागू झाला. तुमचा कायदा तुमच्यासारखाच रिटायर झाला.”

मामांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. कोर्ट आपल्यामागं बदललं ह्याचा त्यांना एवढा धक्का बसला की धोतर खांद्यावरून घसरलं. “पण... नातेवाइकाचा अर्ज तर चालतोच ना?”

“चालतो. दोन डॉक्टरांनी तपासून लिहून द्यायला हवं, त्यातला एक सरकारी. तेही केव्हा? माणसाला स्वतःला हो-नाही सांगता येत नसेल तेव्हा. तुम्ही त्याला विचारलंत का, येतोस का म्हणून?”

मामांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं. वत्सलाबाईंनी मामांकडे. सकाळपासून त्या घरात तीन माणसं होती, आणि तिसऱ्याला कोणी काही विचारलंच नव्हतं.

अक्का आत गेली. मीही गेलो. बोलावलं नव्हतं, पण दार उघडं होतं. खिडकीला तोवर गल्लीतल्या चार-पाच जणी लागल्या होत्या.

सुरेंद्र पलंगावर बसला होता. ओठ कोरडे, हात मांड्यांवर थरथरत होते. “अक्का,” तो जड जिभेनं म्हणाला, “मी... खड्डे खणत नाहीये. डोकं... ठिकाणावर आहे. शरीर... ऐकत नाही.”

“कळतंय रे राजा. आज काय वार?”

“शुक्र. तू... मॉर्निंग करून आलीस.”

पुढचं मी जसं पाहिलं तसं सांगतो, कारण खिडकीनंही तेच पाहिलं. अक्कानं त्याला हात पुढं पसरायला लावले आणि बोटांवर कोरा कागद ठेवला. कागद पाखरासारखा फडफडला आणि पडला. मग म्हणाली, बोट नाकाला लाव, माझ्या बोटाला लाव, पुन्हा नाकाला. मग जीभ काढायला लावली. मग उभा करून पाय जुळवायला लावले. तो कलला तसा तिनं धरला. मग मनगट धरून समोर बसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे टक लावून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत राहिली. खिडकीतून कोणीतरी “अय्यो, मारिअम्मा!” म्हणालं.

“गोळी आज घेतलीस?” तिनं विचारलं.

“सकाळची... घेतली.”

“पोट?”

“चार दिवस... बिघडलंय.”

“फणस खाल्ला असेल,” वत्सलाबाई म्हणाल्या.

“वत्सलाक्का, जेवणात काय काय आहे हल्ली?”

“रोजचंच. भात, सांबार, रसम.”

“मीठ?”

आमच्यात नवस बोलून दाखवला की त्याचं बळ जातं, असं मानतात. त्यामुळे वत्सलाबाईंनी एकोणीस दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीकडचा होकार आला त्या दिवशी त्या पुन्नैनल्लूरच्या मारिअम्मन देवीला गेल्या होत्या आणि घरातलं सगळं मीठ तिच्या पायाशी ओतून आल्या होत्या. एक मंडल, अठ्ठेचाळीस दिवस, मायलेकांनी अळणी जेवायचं. मुलाचं मन सांभाळ, लग्न निर्विघ्न कर.

“मी तुला दहादा सांगितलं होतं, मीठ कमी करायचं नाही!” अक्काचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

“कमी कुठं केलं गं?” वत्सलाबाई रडत म्हणाल्या. “कमी करणं ते डॉक्टरचं पथ्य. मी देवीला दिलं. दिलेलं काय कमी होतं?”

हे बंगळूरच्या ट्रंकेतल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

“हे वेड नाही, मामा,” अक्का म्हणाली. “औषध अंगात साठलंय, आणि आणखी साठलं तर त्याची शुद्ध जाईल, मूत्रपिंडं जातील, कदाचित हाच जाईल. आमच्याकडे नव्वद दिवस कोंडलंत तर लग्नही वाचणार नाही आणि हाही नाही. ह्याला आत्ता सरकारी इस्पितळात न्यायचं, मेडिकल वॉर्डात, सलाइनला. सुरेंद्र, येशील?”

“येतो,” सुरेंद्र म्हणाला. “मला... कोणी विचारलंच नाही.”

त्याला गिळता येतंय, नीट शुद्धीवर आहे, हे घोटभर पाणी देऊन तिनं पाहिलं. मग म्हणाली, “ताक आणा, मीठ घालून.” ताक होतं. मीठ मारिअम्मनकडे होतं. मग ती माझ्याकडे वळली. “काका, उभेच आहात तर पळा. माझ्या स्वयंपाकघरात फळीवर चिनी बरणी आहे.”

“कशाला पण?”

“काका, पळा!”

साठी उलटलेला मी, भर उन्हात शेजारी पळालो आणि बरणी उपरण्याखाली झाकून घेऊन आलो. झाकली का? मिठावर धूळ बसू नये म्हणून. पण खिडकीतल्या बायका बाजूला होऊन मला वाट देत होत्या, अशी वाट मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. चाल आपोआप जरा गंभीर झाली.

अक्कानं अर्धा चमचा मीठ तांब्याभर ताकात ढवळलं, सुरेंद्रला घोट घोट पाजलं. मामांना शेजारच्या एस.टी.डी. बूथवरून डॉक्टर नटराजना फोन करायला धाडलं, आणि सुरेंद्रला ऑटोत बसवून स्वतः शेजारी बसली. जाताना तिनं मामांचं धोतर मागून घेतलं. मामांना वाटलं, बांधायला. तिनं ते ओलं करून सुरेंद्रच्या डोक्यावर ठेवलं.

डॉक्टर नटराज मेडिकल वॉर्डात पोचले तेव्हा सलाइन लागलेलं होतं. रक्त तपासायला तिरुच्चीला गेलं. उत्तर यायची वाट न पाहता त्यांनी गोळ्या बंद ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आकडा आला: दोन पूर्णांक एक. एक पूर्णांक दोनच्या वर जायला नको असतो. मास्तरला आकडा सांगितला तर तो म्हणाला, “अक्का, बरोब्बर पावणेदोन पट,” आणि ती हसली, कारण शब्द सरळ आले होते.

वत्सलाबाईंचा जीव मात्र नवसात अडकला. मंडल मोडलं, देवी काय म्हणेल? अक्का म्हणाली, “तिला सांग, नर्सनं मोडलं. माझ्या नावावर घालून टाक. तुला अळणी जेवायचं तर जेव, तुझा नवस तू पुरा कर. त्याच्या वाटणीचा दंड मी भरते.” आणि खरंच पुढच्या मंगळवारी ती दोन पुडे मीठ घेऊन पुन्नैनल्लूरला गेली. ते दोन पुडेही लोकांनी पाहिले. अफवेला एवढं खाद्य मिळत असताना ती बारीक कशी राहणार?

रविवारी ओरत्तनाडूची मंडळी आली ती थेट इस्पितळात. मामांनी दारातच “उष्माघात” म्हणून टाकलं. सुरेंद्रनं उशीवरून डोकं उचललं. “उष्माघात नाही, नंदिता. मला एक आजार आहे. ब्याण्णव सालापासून. त्याचं औषध कायम घ्यायचंय.” आणि त्यानं सगळं सांगितलं, खड्ड्यांसकट. मामांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नंदिताचे वडील उठून उभे राहिले.

नंदिता बसलेलीच. तिनं पर्समधून पेन काढलं. “सव्वीस खड्डे एकट्यानं?”

“हो.”

“आमच्या कचेरीत एका खड्ड्याला आठ महिने लागतात.” मग अक्काकडे वळून, “सिस्टर, ह्यांना मीठ किती, पाणी किती, रक्त किती दिवसांनी, हात किती हलला म्हणजे घाबरायचं, हे सगळं लिहून द्या. तोंडी सांगाल तर सासूबाई देवीला देऊन येतील.”

वत्सलाबाई पहिल्यांदा हसल्या. वडील खाली बसले. आवणीत, म्हणजे इथल्या श्रावणात, लग्न झालं. मी वरपक्षाकडून जेवलो. पंगतीत पहिल्यांदा वाढतात ते मीठ, ते वाढणारी अक्का होती, आणि चार पानांवरच्या बायकांनी हात आडवा धरला.

तेव्हा मी तिला म्हटलं, “अक्का, एकदा सांगून टाक ना लोकांना. तुला चेटकीण म्हणतात.”

“काय सांगू? सुरेंद्र कुठल्या गोळ्या घेतो ते? ते सांगायचा हक्क त्याचा, माझा नाही. मला म्हणू देत.” मग माझ्या पानाकडे बघून, “तुम्ही मीठ कमी घ्या, काका. तुमचा आजार वेगळा.”

ती दोन हजार पाच साली रिटायर झाली. वादिराज अजून बोलत नाही. सुरेंद्र हेडमास्तर झाला, नंदिताची ती यादी अजून त्यांच्या स्वयंपाकघरात चिकटवलेली आहे. आणि आता सुरेंद्रच सांगत सुटलाय, तर माझ्याकडचंही सांगून टाकतो.

मीठ रेशनच्या दुकानातलं होतं, खडेमीठ. मंत्र नव्हता; अक्का सुरेंद्रच्या नाडीचे ठोके मोजत होती, ते मिनिटाला एकशे बारा भरले. तो वाचला तो गोळ्या वेळेवर थांबवल्यामुळे आणि सलाइनमुळे. मंतरलेल्या मिठाची गोष्ट त्याच संध्याकाळी कॉफी क्लबात पहिल्यांदा सांगितली ती मीच.